नाक धरून काढलेल्या दुपारी

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी दुपारच्या वेळी कुणी मोठ्याने बोलत नसे, कारण मी झोपलेला असे. आजारी नव्हतो, रात्रपाळी करून आलेलो नव्हतो. शाळा संपलेला, कॉलेजात नाव घालायचं राहिलेला, धडधाकट मुलगा. एरवी असा पोरगा जेवून आडवा झाला असता तर आईने उलथन्याने उठवला असता. पण ती स्वतः मधल्या खोलीतली फरशी ओल्या फडक्याने पुसून घेई, वाळली की माझी चटई अंथरे, खिडकीचं एक दार लोटे आणि गल्लीतून ताक विकत येणाऱ्या बाईला दारातूनच हाताने गप्प करी. मग उंबऱ्याशी भिंतीला टेकून हातात पंखा घेऊन बसे. तंजावूरचं ते ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, पण तो पंखा ती स्वतःला घालत नसे. मी डोळे मिटून घेई, आणि वारा माझ्या पायांना लागत असे. आज या वयात विजेचा पंखा फिरताना पायाला वारा लागला तरी मी पाय आखडून घेतो.

आमची गल्ली राजवाड्याच्या मागची. घरं बहुतेक मराठी, म्हणजे आमच्यासारखी, घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की तमिळ. आमची ती मराठी ऐकून पुण्याची माणसं आधी हसतात आणि मग जुनं नाणं सापडल्यासारखं तोंड करतात. नोकरीत काही वर्षं मी पुण्याला काढली, तिथे देवनागरी लिहा-वाचायला शिकलो आणि माझी मराठी परीटघडीची झाली, म्हणून हे असं लिहिता येतंय. आई मराठी बोले पण वाचायची तमिळ. म्हणजे हे पान तिच्या हाती पडलं असतं तरी तिला वाचता आलं नसतं. लिहिताना मला याचं बरं वाटतं, आणि बरं वाटतं याचीच लाज वाटते.

अप्पांना जाऊन तेव्हा वर्ष पुरं व्हायचं होतं. सरकारी कचेरीत कारकून होते. अंगाने सडपातळ, बोलायला मोकळे, आणि जेवायला बसले की उठायचं नाव नाही. वांग्याची रसवांगी असली तर विचारूच नका. चिंचेचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा तो वास ओसरीपर्यंत आला की ते कचेरीचे कपडे न बदलता पाटावर येऊन बसत. भात कालवायचा, त्याचा गोळा करायचा, आणि तो हातात तसाच धरून कचेरीतली एखादी गंमत सांगत बसायचं. गोळा वाळून जाई, गंमत संपत नसे. आई वाढणं हातात घेऊन उभी. त्या दिवशी नळाला पाणी यायची वेळ होत आली होती, घागरी रिकाम्या होत्या आणि आईचा जीव तिकडे. ती म्हणाली, "उठा की आतां एकदां! तुमचं जेवण म्हणजे तेर ओढणं. गाव सगळं लागतं आणि दिवस मावळला तरी कोपरा वळत नाही." तेर म्हणजे आमच्याकडे देवळाचा रथ. हे ती काही पहिल्यांदा म्हणत नव्हती. पण त्या दिवशी अप्पा उठले. दहीभात पानात तसाच राहिला. मागच्या अंगणात तेवढ्यात नळाला पाणी आलं होतं, तिथे जाऊन त्यांनी हात धुतले, तेव्हा त्यांची पाठ आमच्याकडे होती. मग निळी स्कूटर काढून ते कचेरीत गेले आणि तिथे खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं हृदय थांबलं.

नळावर ते हसत होते की रागावले होते, हे आईला कळलं नाही. मलाही नाही. मी तिथेच जेवत होतो, पण माझं लक्ष माझ्या पानात होतं. लोक भेटायला आले, गेले, दिवस झाले, महिन्याचं श्राद्ध महिन्याला होत राहिलं, आणि आई त्या एका पाठीपाशी अडकून पडली. भांडी घासताना मधेच हात थांबवून विचारी, "हसले असतील, न्हवे?" मी म्हणे, हसलेच असतील. माझ्या म्हणण्याला काही किंमत नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

आता त्या झोपेबद्दल सांगायला हवं. आमच्यात मुंज झालेल्या मुलाने सकाळ-संध्याकाळ संध्या करायची. त्यात प्राणायाम असतो. अंगठ्याने एक नाकपुडी दाबायची, अनामिका-करंगळीने दुसरी, आणि श्वास कोंडून मंत्र म्हणायचा. आमच्या गल्लीत तो खरोखर कोंडणारा मुलगा मी पाहिलेला नाही. बोटं नाकाला लावायची, मनात कालच्या मॅचचा स्कोअर आठवायचा आणि हात खाली घ्यायचा. अप्पांच्या ते बरोबर लक्षात येई. "नाकाला गुदगुल्या करतोस काय रे, शामू? धरायचं तर धर." ते गेल्यानंतर, एका दुपारी असाच लवंडलो असताना, मला स्वप्न पडलं की मी मागच्या अंगणात संध्येला बसलोय आणि कुठून तरी त्यांचा आवाज येतोय, नीट धर. मी घट्ट धरलं, दोन्हीकडून. आणि श्वास चालूच राहिला, आत-बाहेर, गार. नाक बंद आणि श्वास चालू, हे कसं? त्या 'हे कसं'सरशी सगळं लख्ख झालं. मी झोपलोय. हे अंगण खरं नाही, आणि मी मात्र जागा आहे. मला इतका आनंद झाला की त्या आनंदानेच जाग आली.

पुढे मी त्याच्या मागे हात धुऊन लागलो. दिवसा आठवण होईल तेव्हा नाक धरून बघायचं, म्हणजे ती सवय झोपेतही उगवते आणि तिथे श्वास चालू राहिला की दार उघडतं. जुन्या बसस्टँडवर मी नाक धरून उभा असे आणि कुणाला काही वावगं वाटत नसे, तिथे अर्धे लोक तसेच उभे असत. आत शिरणं त्यामानाने सोपं. अवघड होतं ते टिकून राहणं. हर्ष झाला की स्वप्न फुटतं. घाबरलं तरी फुटतं. एकाच वस्तूकडे टक लावली की ती विरघळायला लागते. मग मला उपाय सापडला, तळहात एकमेकांवर घासायचे. हातांना हात लागतोय असं वाटलं की भिंती पुन्हा घट्ट होतात. नाहीतर खाली बसून फरशी चाचपायची. पलीकडच्या गल्लीत वीणा करणाऱ्यांचं घर होतं, तिथे दुपारभर फणसाचं लाकूड कोरण्याची टकटक चाले. ती टकटक स्वप्नात यायची, कधी कुणाच्या चपलांची होऊन, कधी घड्याळाची होऊन, आणि तिला धरून मी बराच वेळ आत राहू शकत असे. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. माझा नातू सांगतो, याला नाव आहे, याचं ॲप आहे, दिवसातून कितीदा तरी फोन वाजून विचारतो की तू जागा आहेस का. त्याने मोठ्या उत्साहाने मला दाखवलं. मी चष्मा शोधायचं निमित्त करून उठलो.

आईला मी होऊन सांगितलं. ती गच्चीवर वाळवणाचे वडाम घालत होती, तांदळाच्या चिकाचे पळीपळीने धुतल्या लुगड्यावर, आणि मी कावळे हाकायला बसलो होतो. मला वाटलं होतं हसेल, किंवा वाध्यारांना विचारायला जाईल. वाध्यार म्हणजे आमचे भटजी. पण तिने पळी भांड्यात ठेवली.

"तिथें तुला पाहिजे तिकडे जातां येतं?"

"येतं."

"पाहिजे त्याला भेटतां येतं?"

"येत असेल. बघितलं नाही."

ती त्या ओल्या वडामांकडे बघत म्हणाली, "माझ्या स्वप्नांत ते येतच नाहींत. आले तरी मला विचारायचं सुचायचं नाही. तूं शुद्धीवर असतोस. तूं विचारून ये."

"काय विचारूं?"

"त्या दिवशीं पानावरून रागानं उठले काय? एवढंच. दुसरं कांही नको."

त्या दिवसापासून माझी झोप ही घरातली मोठी गोष्ट झाली. जेवण हलकं वाढायचं, पण उपाशीही ठेवायचं नाही. कांडण, दळण, भांडी सगळं सकाळी उरकायचं. मी डोळे उघडले की पहिला प्रश्न, अगदी हळू, "भेटले?" मी नाही म्हणून मान हलवी. "सरी, बरं. उद्यां बघूं." मग ती उठून कॉफी टाकायला जाई. तिच्या आवाजात नाराजी नसे. कामाला पाठवलेला माणूस उन्हातून रिकाम्या हाती परत आला तर त्याला आधी पाणी द्यावं, तशी ती मला कॉफी देई.

सुरुवातीला मी शोधलं, हे खरं आहे. तेवढं माझ्या पदरात घालावं. स्वप्नातल्या घरात शिरून हाका मारल्या, खोल्यांची दारं उघडली, कचेरीच्या जिन्यापर्यंत गेलो. कुणी नव्हतं. आणि मग एके दुपारी ओसरीवरच्या खुंटीला मला स्कूटरची किल्ली दिसली. अप्पांची स्कूटर वर्षभर बोळात जुन्या चादरीखाली उभी होती. वर्ष होईपर्यंत तिला हात लावायचा नाही असं आईने सांगितलं होतं. स्वप्नात कसली बंदी? मी ती काढली आणि थेट गावाबाहेर, कालव्याच्या कडेने, भाताच्या हिरव्यागार खाचरांमधून, आणि मग कालव्याच्या पाण्यावरूनच. नारळाची झाडं दोन्हीकडून मागे पडत होती. अंगात वारा भरत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नंतर हॉटेलात जाऊन कांदा घातलेला रवा दोसा, जो दुखवट्याच्या त्या वर्षात घरी मिळत नसे. नंतर थिएटर. नंतर आणखी काही, जे त्या वयाच्या मुलाला सुचतं आणि माझ्या वयाच्या माणसाने लिहू नये. उंबऱ्याशी आई पंखा घालत बसलेली, आणि मी तिच्या निरोपाचं ओझं दारात टाकून गावभर हुंदडत होतो. जाग आली की चेहरा थकल्यासारखा करायलाही मी शिकलो होतो.

आणि मग ते दिसले. मी ओसरीवरून किल्ली घेतली आणि सहज मागे पाहिलं, तर घरातून आरपार मागचं अंगण दिसत होतं, आणि नळावर एक माणूस पाठमोरा उभा राहून हात धूत होता. धोतराचा काठ, मानेवरची ती खळगी, डावा खांदा किंचित खाली. ओळखायला काही वेळ लागला नाही. पाणी वाहत होतं. दहा पावलं टाकून हाक मारायची, एवढंच काम होतं. मी तळहात घासले, स्वप्न घट्ट झालं, म्हणजे वेळही होता. आणि मी वळून बोळातली स्कूटर काढली आणि निघून गेलो. पुढे मनाला समजावताना मी म्हणत आलो की मला भीती वाटली, त्यांनी वळून पाहिलं आणि चेहरा रागावलेला असला तर तो निरोप आईला मलाच सांगावा लागला असता. पण इतका विचार मी तेव्हा केला नव्हता. तेव्हा किल्ली हातात होती आणि दुपार थोडी उरली होती. डोळे उघडले तेव्हा आईने विचारलं, "भेटले?" मी मान हलवली. कॉफी प्यायलो. चांगली झाली होती, हेही आठवतं.

वर्षश्राद्ध ऐन उन्हाळ्यात आलं. कुंभकोणमहून काका-काकू आले. काकू सोवळ्यात चुलीपाशी आणि आई बाजूला बसून तिला सांगत होती, कच्च्या केळ्याच्या भाजीला मिरी किती, उडदाचे वडे किती जाड, तिळाचे लाडू वळताना हात कसा ओला करायचा. पितरांच्या जागी जेवायला बसायला नरसिंगराव होते. आमच्याच गल्लीतले, शाळेतून निवृत्त झालेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी अंगणात त्यांचे पाय धुतले, नवं धोतर दिलं, तेव्हा वाध्यार म्हणाले, "आतां हे नरसिंगराव नव्हेत. जेवण होईपर्यंत हे तुझे अप्पा. जेवताना त्यांनीं बोलायचं नाही, तूं बोलवायचं नाही. आणि मधेंच पानावरून उठूं द्यायचं नाही. पितर पानावरून उठले तर वर्षभराचं केलेलं सगळं पाण्यांत." शेवटचं वाक्य ऐकून स्वयंपाकघराच्या दारात आईच्या बांगड्या नसलेल्या हातांनी चौकट धरली. ते मला दिसलं.

मी आदल्या संध्याकाळपासून उपाशी होतो. होमाचा धूर, तुपाचा वास, ऊन, वाध्यारांचा एकसुरी आवाज. बसल्या बसल्या मान दोनदा पुढे गेली आणि काकांनी पाठीत कोपर दिलं. पानं वाढून झाली. वाध्यारांनी प्राणायाम करायला सांगितला. त्या दिवशी मी मनाशी एक ठरवलं होतं, की आज तरी नाक खरोखर धरायचं, अप्पा म्हणत तसं. गुदगुल्या नाहीत. मी अंगठ्याने आणि अनामिकेने जीव खाऊन दाबलं. आणि श्वास सरळ आत आला. गार. मी आणखी दाबलं. श्वास चालूच. श्राद्धाला अनामिकेत दर्भाची अंगठी घालतात, पवित्रक. तिची जाडी गाठ बोटाच्या आणि नाकपुडीच्या मधे आली होती आणि फटीतून हवा शिरत होती, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. तेव्हा एकच कळलं. नाक धरलंय आणि श्वास चालू आहे.

आनंद करायचा नाही, घाबरायचं नाही. सगळं मला ठाऊक होतं. मी शांतपणे तळहात घासले, हातातले तीळ आणि पाणी फरशीवर सांडले. वाध्यार थांबले. मी मान वर केली. समोर पानावर एक माणूस वाकून बसला होता, खांद्यावर नवं कोरं वस्त्र, आणि तो भात कालवत होता, सावकाश, आणि त्याचा गोळा करून हातात धरून थांबला होता. मला वाटलं, आले. आज पळायचं नाही. मी गुडघ्यांवर पुढे सरकलो, पानाच्या कडेपर्यंत.

"अप्पा," मी म्हणालो, आणि माझा आवाज चांगला मोठा होता, कारण स्वप्नात ऐकायला कोण असतं? "मी रोज येत होतों. पण तुम्हांला बघायला नव्हे. स्कूटर चालवायला. त्या दिवशीं तुम्ही नळावर होतां, मी बघितलं आणि तसाच गेलों. आईला म्हंटलं, भेटले नाहींत. आईने तुम्हांला एक विचारलंय—"

काकांनी मागून माझा दंड धरला. "पैत्यम लागलंय काय तुला? वेडा झालास? कुणाशीं बोलतोस?" त्यांच्या हाताला घाम होता. माझ्या स्वप्नात कुणाच्या हाताला कधी घाम नसे. मी त्या ओल्या हाताकडे बघितलं, मग समोर, आणि समोर नरसिंगराव होते, भाताचा गोळा हातात, तोंड अर्धवट उघडं. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. तिथून आता काकूचा झारासुद्धा वाजत नव्हता.

वाध्यार काही तरी पुटपुटले आणि थांबले. सगळ्यांची नजर नरसिंगरावांवर. ते उठले असते तर त्यांना कुणी दोष दिला नसता. भर श्राद्धात एक खुळा पोरगा अंगावर येतो म्हटल्यावर कुणीही उठेल. त्यांचा एक गुडघा हलला. मी मनात म्हणत होतो, उठू नका. मला तेव्हा श्राद्धाचं काही पडलं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या त्या बाईसमोर पुन्हा एकदा कुणी पानावरून उठू नये, एवढंच. त्यांनी गुडघा सावरला. गोळा तोंडात घातला. चावला, अगदी सावकाश. डाव्या हाताने मला खूण केली, बस. मग त्यांनी पानातलं सगळं संपवलं, वडे, भाजी, तिळाचा लाडू, आणि दहीभाताच्या वेळी बोटाने पान दाखवून आणखी मागून घेतला. इतका वेळ घेऊन जेवलेला माणूस मी अप्पांनंतर पाहिला नव्हता. काकू वाढत होती.

जेवण झालं की श्राद्ध करणाऱ्याने विचारायचं असतं, तृप्त झालात का, आणि त्यांनी म्हणायचं, झालो. संस्कृतात दोन-दोन शब्द, मला पाठ होते. वाध्यार म्हणाले, "विचार." ज्या तोंडाने रोज मान हलवून खोटं सांगितलं होतं त्या तोंडाने काय विचारायचं? वाध्यार पुन्हा म्हणाले, "विचार रे." आणि दारातून आईचा आवाज आला. श्राद्धाच्या जागी बायका बोलत नाहीत आमच्यात. ती बोलली.

"पोट भरलं?" ती म्हणाली. मग, "रागानं उठत नाहीं, न्हवे?"

नरसिंगरावांनी वाध्यारांकडे बघितलं. वाध्यारांनी मान खाली घातली. नरसिंगराव दाराकडे न बघता, आपल्या रिकाम्या पानाकडे बघून म्हणाले, "भरलं. राग कसला?" आणि मग, "हातावर पाणी घालां."

काकांनी पाणी घातलं. आत कुणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग पुन्हा झारा वाजू लागला.

गल्लीने पुढे काही महिने माझी भरपूर मजा केली. पोरं मला पाहिलं की नाक धरून उभी राहत. काकांनी एका डॉक्टरकडे नेलं, त्याने टॉनिक दिलं. याची लाज वाटली, पण ती लाज कॉलेज सुरू झालं तशी गेली. दुसरी गेली नाही. जे विचारायला मी इतक्या दुपारी त्या घरात जाऊन रिकाम्या हाती आलो होतो, ते आईने शेजारच्या एका जेवणाऱ्या माणसाला स्वतः विचारून घेतलं. तिला मिळालेलं उत्तर खरं की खोटं, मला माहीत नाही. तिला ते पुरलं. मला अजून आत शिरता येतं. शिरलो की आधी मागच्या अंगणात जातो. नळ असतो, पाणी वाहत असतं, तिथे कुणी नसतं. मी तळहात घासून वाट बघत उभा राहतो.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मला वाटलं होतं, आज चटई नसेल. पण आईने फरशी पुसली, चटई अंथरली, खिडकीचं दार लोटलं. मी आडवा झालो आणि डोळे मिटून पडून राहिलो. झोप आली नाही. पलीकडे वीणेच्या लाकडाची टकटक चालू होती. पायांना वारा लागत होता. बराच वेळ मी तसाच पडून राहिलो, आणि मनात तयारी करत होतो, आता विचारेल, आणि आज खरं सांगायचं, सगळं, पहिल्यापासून. शेवटी डोळे उघडले. आई उंबऱ्याशी होती, पंखा हातात. तिने माझ्याकडे बघितलं, पंखा खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"कॉफी घेतोस?" ती म्हणाली.